ऐकण्याचे बंधन : समुद्रावरील बिनतारी जाळ्याची घडण

समुद्रावरील बिनतारी संदेशवहनाचा इतिहास बहुतेक ठिकाणी शोधांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणत्या वर्षी किती मैलांपर्यंत संदेश पोहोचवला, याची नोंद त्यात सविस्तर असते. मात्र तो संदेश पलीकडे ऐकायला कोणी बसले होते काय, आणि ऐकू आल्यावर उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक होते काय, हे प्रश्न तिथे मागे पडतात. जहाजांच्या बाबतीत हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे होते, कारण भर समुद्रात संकटात सापडलेल्या जहाजाला मदत करू शकणारे दुसरे जहाज जवळ असूनही ते बहिरे असेल, तर उत्तमोत्तम यंत्राचाही काही उपयोग नसे. हे बहिरेपण दूर करण्यासाठी जगाला अनेक दशके लागली, आणि त्यांतील कित्येक पावले कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेनंतर पडली.

बिनतारी यंत्र येण्यापूर्वी जहाजांचे परस्परांशी बोलणे नजरेच्या टप्प्यापुरते मर्यादित होते. दिवसा निशाणांचे संकेत, रात्री दिव्यांची उघडझाप आणि धुक्यात भोंगे किंवा तोफा, एवढीच साधने होती. निशाणांची व्यापारी संकेतावली ब्रिटिश व्यापार मंडळाने १८५७ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे ती अनेक देशांनी स्वीकारली. परंतु क्षितिजापलीकडे गेलेले जहाज पुढच्या बंदरात दिसेपर्यंत जगाच्या दृष्टीने नाहीसेच झालेले असे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याने याचा कठोर अनुभव १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये घेतला. विजेच्या दिव्यांमुळे लोकांत ‘विजळी’ या नावाने ओळखली जाणारी ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात शेकडो उतारूंसह बुडाली. त्यांतील एकही माणूस वाचला नाही आणि आगबोटीचा शेवट नेमका कसा झाला हे सांगणाराही कोणी उरला नाही. त्याच सुमारास जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे हाइन्रिश हर्ट्झ हे विद्युत-चुंबकीय लहरी अवकाशातून तारेवाचून प्रवास करतात हे प्रयोगाने सिद्ध करत होते.

या लहरी पकडण्याचे पहिले व्यवहार्य साधन म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची एक लहान नळी. लहर येऊन धडकली की कीस परस्परांना चिकटतो, त्याचा विद्युत्‌रोध घटतो आणि मंडलातून प्रवाह वाहू लागतो. नळीला हलकी टिचकी मारली की कीस पुन्हा सुटा होतो. फ्रान्समध्ये ब्रान्ली यांनी हा परिणाम अभ्यासला, इंग्लंडमध्ये लॉज यांनी तो सुधारला आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लहरी पकडणाऱ्या पृष्ठभागांवर अत्यंत बारकाईचे संशोधन केले. बोस यांच्या कामाचा समुद्राशी असलेला संबंध भारतीय वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. ब्रिटिश नौदलातील अधिकारी हेन्री जॅक्सन यांनी बोस यांच्या प्रयोगांविषयी वाचल्यानंतर जहाजांमध्ये बिनतारी संकेत पाठवण्याच्या स्वतःच्या कल्पनेला प्रत्यक्ष रूप दिले, आणि १८९६ च्या अखेरपर्यंत त्यांना त्यात यशही आले होते. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये न्यू फाउंडलंड येथे अटलांटिक ओलांडून आलेला पहिला संकेत ऐकताना मार्कोनी यांनी जो पाऱ्याचा ग्राहक वापरला, त्याचे बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या साधनाशी असलेले जवळचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

गुल्येल्मो मार्कोनी यांचे खरे सामर्थ्य मूलभूत विज्ञानापेक्षा जुळवाजुळवीत आणि व्यापारात होते. १८९६ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये एकस्वासाठी, म्हणजे शोधाच्या कायदेशीर मालकी हक्कासाठी, अर्ज केला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत फ्लॅट होल्म बेटापासून लॅव्हरनॉकच्या टोकापर्यंत पाण्यावरून संदेश पोहोचवला. आणि १८९८ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यापुढील गुडविन वाळूपट्ट्यावरच्या ईस्ट गुडविन दीपनौकेवर, म्हणजे धोक्याच्या जागी नांगरून ठेवलेल्या दिव्याच्या जहाजावर, यंत्र बसवून ते साऊथ फोरलंडच्या दीपस्तंभाशी जोडले. या जोडणीची उपयुक्तता काही महिन्यांतच दिसून आली. मार्च १८९९ मध्ये ‘एल्बे’ हे जर्मन जहाज वाळूत रुतले तेव्हा दीपनौकेने किनाऱ्याला कळवले, आणि पुढच्याच महिन्यात ‘आर. एफ. मॅथ्यूज’ या आगबोटीने धुक्यात खुद्द दीपनौकेलाच धडक दिली तेव्हा तिने स्वतःसाठी मदत मागितली. दोन्ही वेळा दीपस्तंभावर संदेश घेणारा माणूस बसलेला होता, ही गोष्ट त्या काळी कोणाला विशेष नोंदवण्यासारखी वाटली नाही. पुढील इतिहास पाहता तीच सर्वांत महत्त्वाची होती.

१९०० मध्ये जहाजांवरील कामासाठी मार्कोनी यांनी स्वतंत्र सागरी कंपनी स्थापन केली. ही कंपनी यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे, आणि यंत्रासोबत ते चालवणारा तारमास्तरही आपलाच पाठवत असे. तो जहाजावर राही, जहाजाच्या शिस्तीत वागे, परंतु त्याचे खरे मालक किनाऱ्यावरच्या कचेरीत असत. त्याहून गंभीर बाब म्हणजे कंपनीच्या तारमास्तरांनी अन्य बनावटीची यंत्रे असलेल्या जहाजांशी किंवा केंद्रांशी सामान्यतः बोलू नये असा दंडक होता. व्यापाराच्या दृष्टीने हे धोरण चतुर होते, कारण ज्याचे जाळे सर्वांत मोठे त्याच्याकडेच पुढचा ग्राहक ओढला जाणार होता. मात्र समुद्राच्या दृष्टीने ते अन्यायाचे होते. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचे बंधू प्रिन्स हाइन्रिश अमेरिकेहून ‘डॉइचलांड’ या जहाजाने परतत असताना जहाजावरील जर्मन यंत्राला मार्कोनी केंद्रांकडून दाद मिळाली नाही आणि बर्लिनमध्ये त्याचा मोठा संताप झाला. पुढच्याच वर्षी जर्मनीत ‘टेलेफुंकेन’ ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली.

या संतापामागे जर्मनीचा स्वतःचा व्यापारी स्वार्थ होता हे उघड आहे. तरीही १९०३ च्या बर्लिन येथील प्राथमिक परिषदेत आणि नंतर १९०६ च्या मुख्य परिषदेत जर्मनीने मांडलेले तत्त्व न्याय्य होते, आणि इतिहासाने त्याच बाजूने कौल दिला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी २७ देशांनी स्वाक्षऱ्या केलेल्या करारानुसार किनारी केंद्रांनी आणि जहाजांनी यंत्राच्या बनावटीचा भेद न करता परस्परांचे संदेश घेतले पाहिजेत असे ठरले, संकटातील जहाजाच्या हाकेला अग्रक्रम मिळाला आणि तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा मोर्स लिपीतील संकेत सर्वांसाठी संकटसूचक म्हणून निश्चित झाला. कानाला चटकन ओळखू येणारा हा नमुना ‘एसओएस’ या अक्षरांनी लिहिला जातो. मार्कोनी कंपनीच्या तारमास्तरांची १९०४ पासूनची ‘सीक्यूडी’ ही जुनी हाक मात्र पुढे काही वर्षे सवयीने चालूच राहिली. करार १ जुलै १९०८ पासून लागू झाला, तरीही त्यात एक मोठी उणीव उरली होती : हाक ऐकू आली तर उत्तर द्यावे असे त्यात होते, पण ती ऐकण्यासाठी रात्रंदिवस जागे राहावे असे बंधन कोणत्याही जहाजावर नव्हते.

ही उणीव झाकली जाण्यास एका यशस्वी बचावानेच हातभार लावला. २३ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळील दाट धुक्यात ‘रिपब्लिक’ आणि ‘फ्लॉरिडा’ या जहाजांची टक्कर झाली. ‘रिपब्लिक’चा तारमास्तर जॅक बिन्स याने भिंत फुटलेल्या खोलीत, गारठ्यात, राखीव विजेवर तासन्‌तास संदेश चालू ठेवले; ते संदेश पकडून ‘बाल्टिक’ धुक्यातून त्यांना शोधत आली आणि दोन्ही जहाजांवरचे सुमारे १,५०० लोक वाचले. बिन्स वर्तमानपत्रांचा नायक झाला, आणि यंत्र असले की जीव वाचतात अशी समजूत दृढ झाली. अमेरिकेने १९१० मध्ये केलेला कायदाही याच समजुतीवर उभा होता. ५० वा अधिक माणसे नेणाऱ्या, दूरच्या बंदरांदरम्यान चालणाऱ्या जहाजांवर किमान १०० मैल टप्प्याचे यंत्र आणि ते चालवू शकणारा माणूस असावा, एवढेच त्यात सांगितले होते. तो माणूस झोपला तर काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी विचारला नव्हता.

त्याचे उत्तर १४ एप्रिल १९१२ च्या रात्री मिळाले. ‘टायटॅनिक’वरील यंत्र त्या काळातील सर्वांत शक्तिमान यंत्रांपैकी एक होते आणि जॅक फिलिप्स व हॅरल्ड ब्राइड असे दोन तारमास्तर ते आळीपाळीने चालवत होते. आदल्या दिवशी यंत्र काही तास बिघडल्याने प्रवाशांच्या खाजगी तारांचा ढीग साचला होता, आणि या तारा म्हणजेच कंपनीचे उत्पन्न असल्याने न्यू फाउंडलंडच्या केप रेस केंद्राशी संपर्क जुळताच फिलिप्स त्या पाठवण्यात गुंतले. दिवसभर इतर जहाजांकडून हिमनगांच्या सूचना येत होत्या. काही कप्तानापर्यंत गेल्या, पण रात्री साडेनऊनंतर ‘मेसाबा’कडून आलेली सर्वांत नेमकी सूचना जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. हवामानाची आणि धोक्याची माहिती आधी अधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे असा पक्का नियम नव्हता. त्यानंतर जवळच बर्फात थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’च्या तारमास्तराने आपण अडकल्याचे कळवू पाहिले, तेव्हा इतक्या जवळून आलेला त्याचा मोठा आवाज केप रेसच्या क्षीण संकेतांवर आदळल्याने फिलिप्सने त्याला तुटकपणे गप्प केले. ‘कॅलिफोर्नियन’वर एकच तारमास्तर होता. सकाळपासून कामावर असलेल्या त्या तरुणाने साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केले आणि तो झोपायला गेला. त्यानंतर थोड्याच वेळात ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले.

फिलिप्सची हाक शेकडो मैलांवरील जहाजांनी आणि किनाऱ्यानेही ऐकली. सर्वांत जवळ असलेल्यांपैकी एका जहाजाने ती ऐकली नाही. ५८ मैलांवरील ‘कार्पेथिया’ने ती ऐकली ती केवळ योगायोगाने, कारण तिचा एकमेव तारमास्तर हॅरल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत असतानाही त्याने कानावरचे श्रवणयंत्र अजून उतरवले नव्हते. ‘कार्पेथिया’ पहाटे चारच्या सुमारास पोहोचली आणि होड्यांतील ७०० च्या आसपास माणसे तिने उचलली; सुमारे १,५०० माणसे तोवर मृत्यू पावली होती. ‘कॅलिफोर्नियन’ नेमके किती मैलांवर होते आणि ते वेळेत पोहोचू शकले असते काय यावर शतकभर वाद चालला आहे. मात्र यंत्रापुढे माणूस जागा नसल्याने त्या जहाजाला संकटाची वार्ता पहाटेपर्यंत कळली नाही, याविषयी वाद नाही. दोष त्या थकलेल्या तरुणाला देणे अन्यायाचे ठरेल. एका माणसाकडून दिवसरात्र जागण्याची अपेक्षा करणारी, किंवा तशी अपेक्षाच न ठेवणारी, व्यवस्था दोषी होती.

पुढील दोन वर्षांत कायद्यांनी वेगाने दिशा बदलली. अमेरिकेने १९१२ च्या उन्हाळ्यातच सतत पहाऱ्यासाठी अधिक तारमास्तरांची अट घातली, आणि २० जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, जो आज ‘सोलास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. महायुद्धामुळे तो ठरल्याप्रमाणे अमलात आला नाही. तरी मोठ्या प्रवासी जहाजांवर अखंड पहारा, म्हणजे यंत्रापुढे सतत कोणीतरी ऐकत असणे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९२९ च्या दुसऱ्या करारात ते अधिक काटेकोर झाले.

या काळात घडलेला सर्वांत सुंदर नियम म्हणजे मौनाचा नियम. संकटाच्या हाकेसाठी ६०० मीटर तरंगलांबी, म्हणजे सेकंदाला पाच लाख कंपने असलेली ५०० किलोहर्ट्झची लहर, राखून ठेवली होती. परंतु जहाजे परस्परांना प्रथम बोलावतानाही तीच वापरत असल्याने गर्दीच्या समुद्रात तिच्यावर अखंड कलकलाट असे. म्हणून प्रत्येक तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे त्या लहरीवर सर्वांनी गप्प राहून केवळ ऐकायचे असे ठरले. जहाजाच्या बिनतारी खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर या दोन भागांना लाल रंग दिलेला असे. क्षीण विजेवर चालणारी, दूरची, बुडत्या जहाजाची हाक एरवी दबून गेली असती, ती या तीन मिनिटांत ऐकू येण्याची शक्यता निर्माण झाली. मुंबईचे ‘व्हीडब्ल्यूबी’ या नावाने हाक मारले जाणारे किनारी केंद्र असो वा अटलांटिकमधील एखादे मालवाहू जहाज, कोणाचा ध्वज कोणता हे न पाहता सारे समुद्र तासातून दोनदा एकत्र गप्प होत होते. मानवी व्यवहारात इतक्या मोठ्या पसाऱ्यावर पाळली गेलेली अशी शिस्त क्वचितच सापडेल.

एकच तारमास्तर असलेल्या मालवाहू जहाजांसाठी यासोबत स्वयंचलित गजर आला. तारमास्तर दिवसातील आठ तास काम करी. उरलेल्या वेळी एक ग्राहकयंत्र ऐकत राही. संकटातील जहाजाने हाकेपूर्वी प्रत्येकी चार सेकंदांच्या बारा रेघा, मध्ये एकेक सेकंद सोडून, पाठवायच्या. त्यांतील काही रेघा ओळीने नेमक्या लांबीच्या आल्या की गजर वाजे आणि झोपलेला माणूस उठे. ‘कॅलिफोर्नियन’वरील रात्रीला दिलेले हे यांत्रिक उत्तर होते.

युद्धकाळात याच जाळ्याचा अर्थ उलटा होई, कारण बोलणाऱ्याचा ठावठिकाणा शत्रूलाही कळत असे. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये मद्रासवर तोफा डागणारी ‘एम्डेन’ ही जर्मन युद्धनौका स्वतः गप्प राहून बंगालच्या उपसागरातील जहाजांचे संदेश ऐके आणि त्यांवरून सावज हेरी. तिचा शेवटही बिनतारी संदेशानेच झाला, कारण ९ नोव्हेंबरला ती कोकोस बेटांतील केंद्रावर हल्ला करत असताना तेथील कर्मचाऱ्यांनी अनोळखी युद्धनौकेची खबर आधीच प्रसारित केली आणि जवळून जाणारी ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका तिथे येऊन पोहोचली. मुंबईच्या इतिहासात या जाळ्याने वेगळेच काम केले. कुलाब्याची ‘तलवार’ ही नौदलाची संकेतविद्या शिकवणारी संस्था असल्याने १८ फेब्रुवारी १९४६ रोजी निकृष्ट अन्न आणि वर्णद्वेषी वागणूक यांविरुद्ध तेथील नाविकांनी संप पुकारला, तेव्हा उठाव करणारेच बिनतारी यंत्रांचे जाणकार होते. बातमी कराचीपर्यंतच्या जहाजांना काही तासांत कळली आणि थोड्याच दिवसांत सुमारे ७८ जहाजे व २०,००० नाविक त्यात सामील झाले. अधिकाऱ्यांच्या आज्ञा पोहोचवण्यासाठी विणलेले जाळे प्रत्यक्षात कळ दाबणाऱ्या बोटांच्या आणि ऐकणाऱ्या कानांच्या ताब्यात होते, हे त्या आठवड्याने ब्रिटिश सत्तेला दाखवून दिले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच मुंबईच्या दारात घडलेली दुर्घटना मात्र या जाळ्याबाहेर राहिलेल्यांची आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या म्हणजे गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडून बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सणासाठी गावी निघालेले अलिबाग-रेवस भागातील लोक मोठ्या संख्येने होते. आगबोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. जगातील एका प्रमुख बंदरापासून अवघ्या काही मैलांवर, सकाळच्या वेळी बुडालेल्या या आगबोटीची वार्ता पोहत किनारा गाठलेल्या माणसांकडून दुपारनंतर शहराला समजली. मार्कोनींच्या पहिल्या संदेशाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. बिनतारी सक्तीचे आंतरराष्ट्रीय नियम दूरच्या सफरी करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी होते. कोकणच्या माणसाची आगबोट त्यांच्या कक्षेत येत नव्हती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐकण्याचे काम हळूहळू यंत्रांकडे गेले. १९५८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ‘ॲम्व्हर’ ही योजना सुरू केली. तीत व्यापारी जहाजे आपला मार्ग आणि ठिकाण स्वेच्छेने कळवतात, आणि कुठे संकट उद्भवले तर जवळ कोण आहे हे संगणक सांगतो. १९७९ मध्ये सागरी संपर्कासाठी ‘इन्मारसॅट’ ही उपग्रह संघटना उभी राहिली. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा लागू झाली, जीत एक कळ दाबताच जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप प्रसारित होते, आणि जहाज बुडालेच तर पाण्यावर तरंगणारे संकटदर्शक उपकरण उपग्रहाला हाक देते. १ फेब्रुवारी १९९९ पासून मोर्स लिपीची सक्ती संपली, आणि तिच्याबरोबर सहकाऱ्यांत ‘स्पार्क्स’ म्हणून ओळखला जाणारा रेडिओ ऑफिसरचा पेशाही व्यापारी जहाजांवरून जवळपास नाहीसा झाला. भारतीय जहाजांवरही अनेकांनी या पेशात आयुष्य घालवले होते. त्यांच्या आठवणी आणि नोंदी पद्धतशीरपणे जतन होणे गरजेचे आहे.

आज जहाजे बोलावल्यावाचूनही परस्परांना माहिती देत असतात. २००२ ते २००४ च्या दरम्यान सक्तीची झालेली स्वयंचलित ओळख यंत्रणा प्रत्येक मिनिटाचे २,२५० सूक्ष्म भाग पाडते. परिसरातील जहाजे त्यांतले रिकामे भाग आपसांत ठरवून घेतात आणि आपले नाव, ठिकाण, वेग व दिशा सतत प्रसारित करतात. मौनाच्या तीन मिनिटांमागे जी शिस्त होती, म्हणजे एकाने बोलताना दुसऱ्याने थांबायचे, तीच येथे सेकंदाच्या लहानशा अंशात पाळली जाते.

तथापि ही सक्ती मुख्यतः आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या, ३०० टनांवरील जहाजांसाठी आणि प्रवासी जहाजांसाठी आहे. बहुतेक मासेमारी नौका तिच्या बाहेर राहतात. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोहोचवण्याचे साधनच नव्हते, कारण मोबाइल किंवा नौकेवरचा साधा बिनतारी संच किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापलीकडे निरुपयोगी ठरतो. त्यांच्या ६० हून अधिक नौका, ९०० हून अधिक माणसांसह, वाऱ्याने लोटल्या जात सिंधुदुर्गातील देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. अनेक जण कधीच परतले नाहीत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१० पासून मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत संकटसूचना देणारे उपकरण उपलब्ध केले होते, परंतु त्यातून संदेश केवळ एका दिशेने जात असे आणि तो कोणी ऐकला की नाही हे नौकेवरच्या माणसाला समजत नसे. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित उपकरणात संदेश मिळाल्याची पोच नौकेपर्यंत परत येते. झाईपासून तेरेखोलपर्यंतच्या प्रत्येक यांत्रिक नौकेवर हे उपकरण असणे शासनाने आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी आपली जबाबदारी मानली पाहिजे.